धैर्यसेन राजाचे प्रस्थान

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा राहत होता आणि राहतही नव्हता. सिंहासनावर तो बसलेला दिसे, पण त्याची सावली पडत नसे. ओल्या मातीवरून चालला तरी पाऊल उमटत नसे. अलीकडे तर भर दुपारी त्याच्या अंगातून पलीकडची भिंत दिसू लागली होती.

हे झाले कसे, ते ऐका. राजाच्या तरुणपणी राज्यावर शत्रू चालून आला, तेव्हा दूर दक्षिण समुद्रातल्या प्रवाळबेटाच्या यक्षिणीने त्याला एक शंख दिला. तो फुंकला की शत्रूचे सैन्य उभ्या उभ्या झोपी जाई. "लढाई संपली की स्वतः आणून देईन," असे राजाने वचन दिले. लढाई संपली, ज्योतिष्यांनी मुहूर्त काढला, पण राजाचा पाय काही निघेना. तेव्हा त्याने देशाच्या रीतीप्रमाणे प्रस्थान ठेवले. मुहूर्त टळू नये म्हणून प्रवासाचे बोचके वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचे, की माणूस निघाला असे धरतात. मग खरोखर निघायचे ते सवडीने. राजाने शंख बोचक्यात बांधला, बंदरावरच्या तांडेलाच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याच्या घरी कोनाड्यात ठेवला आणि जेवायला राजवाड्यात परत आला.

पुढची सगळी वर्षे बेत करण्यात गेली. दरबारात नकाशे पसरले जात. वारे कधी अनुकूल, बेटावर उतरायचे कुठे, लोणच्याच्या बरण्या किती घ्यायच्या, यावर प्रधान तावातावाने बोलत. शंख हातचा गेला तर शत्रू पुन्हा येईल, ही राजाची खरी धास्ती मात्र कुणी बोलून दाखवत नसे. तांडेलाची बायको बोचक्याला रोज फूल वाही. चालढकलीची अशी साग्रसंगीत पूजा दुसऱ्या कुठल्या राज्यात झाली नसेल.

राजाची एकुलती एक मुलगी पद्मरेखा. तिला आई नव्हती. जे काही होते ते वडील. एका सकाळी तिने त्यांच्या पायांवर डोके ठेवले, तर कपाळाला थेट गार फरशी लागली. ती तशीच गच्चीवर गेली आणि रडली.

कठड्यावर एक पांढरा कुरव पक्षी येऊन बसला. तो समुद्रावरून आला होता.

"राजकन्ये, तुझे वडील थोडे थोडे निघून चालले आहेत," तो म्हणाला. "प्रस्थान ठेवले त्या दिवशी त्यांची सावली खरोखरच निघाली. ती बेटावर वाट पाहत बसली आहे. मागोमाग बाकीचेही जाते आहे. न पाळलेल्या वचनाचा हा शाप आहे."

"उपाय सांग, पक्षिराज."

"त्यांनी स्वतः जायला हवे. त्या वाटेला तीन गोष्टी लागतात. आपल्या पायांनी चालत येणारे लाकूड, न आटणारे गोडे पाणी आणि कुणाचाही नसलेला वारा."

पद्मरेखा रानात गेली. तिथे उंडीचा एक पुराणवृक्ष होता. "कुणासाठी?" त्याने विचारले. "वडिलांसाठी," ती म्हणाली. वृक्षाने मातीतून मुळे सोडवली, तिच्या मागोमाग किनाऱ्यापर्यंत चालत आला, वाळूवर आडवा झाला आणि त्याची नाव झाली.

मग ती डोंगरावरच्या मांत्रिकाकडे गेली. त्याच्या तुंब्यातले पाणी कधी आटत नसे.

"मोल पडेल," मांत्रिक म्हणाला. "तुझी सर्वांत आवडती आठवण."

तिने डोळे मिटले. लहानपणी वडील तिला खांद्यावर बसवून समुद्र दाखवायला नेत, ती आठवण तिने दिली. तुंबा घेऊन ती डोंगर उतरली, तेव्हा आपण काय देऊन आलो हेही तिला आठवत नव्हते. फक्त खूप एकटे वाटत होते.

शेवटी ती वाऱ्याच्या गुहेशी आली. वारा आत लोळत पडला होता.

"निघायचे कधी?" त्याने विचारले.

"उद्या."

"उद्या मला ठाऊक नाही," वारा म्हणाला आणि कूस बदलून निजला.

दुसऱ्या दिवशी सारे नगर किनाऱ्यावर जमले. नाव तयार, पाणी तयार, पण शीड लोंबत होते. राजा आला. त्याच्यातून आता अख्खा समुद्र दिसत होता.

"वारा नाही, बाळ," त्याचा आवाज फार लांबून आला. "ज्योतिषीबुवांनाही आजचा दिवस बरा दिसत नाही. तुझेही प्रस्थान ठेवू. पुढच्या मुहूर्ताला दोघे निघू."

सेवकाने रेशमी बोचके पुढे केले. पद्मरेखेने ते घेतले आणि नावेत टाकले. पाठोपाठ स्वतः चढली.

"बाबा, मी तुमची वाट पाहून दमले," ती म्हणाली. आणि गुहेच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "आज."

वारा आला. शीड भरले. नाव पाण्यात सरकली आणि किनारा सोडून चालली.

राजा क्षणभर उभा राहिला. मग जन्मात कधी धावला नव्हता तसा धावला. तांडेलाच्या घरात शिरून त्याने कोनाड्यातले बोचके उचलले, जोडे तिथेच राहिले, मुकुट उंबऱ्यात पडला, आणि मुलीला हाका मारत तो समुद्राकडे सुटला. लोक थक्क होऊन खाली पाहत होते. ओल्या वाळूवर राजाची पावले उमटत होती. छातीभर पाण्यात त्याने नाव गाठली आणि मुलीने हात देऊन त्याला वर घेतले.

प्रवाळबेटाजवळ पाणी इतके निर्मळ होते, की नावेची सावली तळाच्या वाळूवरून सोबत चालली. माडांनी वाकून पाहिले, कोण आले म्हणून. तळाशी प्रवाळाचे काटे होते, म्हणून राजा खाली उतरला आणि त्याने मुलीला खांद्यावर घेतले.

"लहानपणी असाच तुला समुद्र दाखवायचो," तो म्हणाला.

"मला आठवत नाही, बाबा."

"मग आता पाहून ठेव."

तिने पाहिले. आभाळाला टेकलेले निळे पाणी आणि खाली वडिलांचे पांढरे झालेले केस. तिला रडू आले, आणि ते थांबवावेसे वाटले नाही.

माडाखाली बसलेली सावली उठली, वाळू झटकून आली आणि राजाच्या पायांना चिकटली. यक्षिणी पाण्यातून वर आली.

"उशीर झाला, राजा."

"झाला. मी भ्यालो होतो."

तिने शंख घेतला. "एवढेच ऐकायचे होते," ती म्हणाली आणि शाप सुटला.

राजा परतला, गादीवर बसला, त्याची सावली दरबारभर पडली. शंख नाही म्हणून शत्रू काही आला नाही. तोही एव्हाना नातवंडांत रमला होता. त्या देशात लोक अजूनही प्रस्थान ठेवतात, पण शेजाऱ्याच्या घरी नाही. नावेत ठेवतात, आणि ठेवणाऱ्याने खाली उतरायचे नसते. धैर्यसेनाला त्याची सावली भेटली, तशी ज्याची ज्याची पुढे जाऊन बसली असेल, त्याला त्याला भेटो.