बुचावरचा स्वार

फार वर्षांपूर्वी हेमांगीबाईंच्या टेबलावर लुटुपुटुच्या लढाईच्या खेळासाठी बोटभर उंचीचा एक खेळण्यातला इटालियन घोडेस्वार रंगत होता. ओल्या रंगाला हात लागू नये, म्हणून बाईंनी त्याला बाटलीच्या बुचावर चिकटवलं होतं. बिचाऱ्याला वाटलं, हाच आपला घोडा!

"अरे, पळ की!" तो खेकसला. "उद्या लढाई आहे. सगळे हसतील मला!"

"मी घोडा नाही रे बाबा," बूच म्हणालं. "तुझा घोडा तिकडे वाळतोय. तुझे डोळे रंगवून होईपर्यंत हलायचं नाही, एवढंच माझं काम."

डोळे रंगले, तसं स्वाराने पहिल्यांदा खाली पाहिलं. बुचावर नाना रंगांचे ठिपके होते.

"एवढे जण इथून गेले? परत कुणी भेटायला आलं?"

बूच नुसतं हसलं. स्वार काही बोलणार, तोच बाईंनी त्याला अलगद सोडवून घोड्यावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी, लढाई सुरू होण्याआधी, स्वाराने घोड्याला हळूच विचारलं, "तुला रंगवताना कुणी धरलं होतं रे?"

घोडा विचारात पडला. "होतं कुणीतरी खाली," तो म्हणाला. "मी कधी पाहिलंच नाही."