वाळूत चालणाऱ्या नावा

एका राज्यात नदीने वाट बदलली, माणसांनी मात्र बदलली नाही.

एका पुरानंतर ती नदी कोसभर पूर्वेला सरकली आणि थेट कुंभारवाड्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. जुन्या पात्रात उरली नुसती वाळू. तरीही जुन्या घाटावर नावाडी रोज सकाळी येत, कोरड्या वाळूतून नावा ढकलत पलीकडे नेत आणि पुन्हा अलीकडे आणीत. तळहातांची सालटी निघत. कुणी विचारलेच, तर एकच उत्तर मिळे, "थोरल्या महाराजांचा हुकूम आहे." थोरले महाराज तर केव्हाच वारले होते. आग लागो असल्या हुकमाला!

त्यांची एकुलती लेक राणी हैमवती हे पाही आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. गादीबरोबर तिला बापाचा राजदंड मिळाला होता. तो हाती धरून केलेली आज्ञा कुणालाच मोडता येत नसे. राणीने हुकूम सोडला, "नावा थांबवा!" नावा थांबल्या. नावाडी तिथेच उन्हात उभे राहिले. घरी जा, असे कुणी सांगितले नव्हते ना! दुसऱ्या दिवशी नावा पुन्हा सुरू, कारण वेशीवर कोरलेला जुना हुकूम जसाच्या तसा होता.

इकडे नदी कुंभारवाड्याचा काठ खात चालली होती. राणीने बांध घालायला घेतला. "दगड आणा!" म्हणाली, आणि "पुरे!" म्हणायचे राहिले. लोकांनी देवळाच्या पायऱ्या उपसून आणल्या. ती बांधाच्या एका टोकाला धावली की दुसरे टोक ढासळे, आणि माणसे हातात दगड घेऊन ढासळणारे टोक बघत उभी राहत.

राणी प्रधान विरूपाक्षावर कडाडली, "बांध खचतो आहे. तुम्हांला दिसत नाही?"

"दिसते, महाराणी."

"मग हात का हलला नाही?"

"आज्ञा नव्हती."

राणीने रागाने मातीत टाच आपटली. काठावर एक टिटवी अंडी उबवीत बसली होती. ती म्हणाली, "ओरडून घसा फोडशील, दुसरे काय! यांचे हात त्या दंडाने बांधले आहेत. ज्याने तो घडवला त्याला जाब विचार. डोंगरातल्या कालंजराला."

राणी घोड्यावर बसली ती डोंगरातच उतरली. कालंजर जादूगार गुहेच्या तोंडाशी धुके पिंजत बसला होता.

"शाप काढून घे," राणी म्हणाली.

"शाप कुठला? हा वर आहे. 'माझा शब्द कुणी मोडू नये,' असे तुझ्या बापाने मागितले. मी दिले."

"मग वर परत घे."

"तीन कामे कर. एक दिवस वाळूत नाव ढकल. बापाचा हुकूम आपल्या हाताने फोड. मग दंड नदीत टाक आणि गप्प उभी राहा. कुणीतरी तुझ्या तोंडावर तुला चूक म्हणेपर्यंत आज्ञा करायची नाही. केलीस, तर ते हात कायमचे बांधले जातील."

"आणि तोवर कुंभारवाडा बुडाला तर?"

"बुडेल."

तोच दंड त्याच्या टाळक्यात घालावा, असे राणीला वाटले. पण ती मुकाट्याने परतली.

तिने नाव ढकलली. दुपारपर्यंत तळहात सोलून निघाले. रोज ज्यांना ती मूर्ख म्हणे, त्यांच्यावरचा राग तिथेच वाळूत जिरला आणि बापावर उसळला. "आबासाहेब, काय करून ठेवलेत हे!" ती भर घाटावर ओरडली आणि संतापाने रडली.

मग ती घण घेऊन वेशीवर गेली. घाव बसेल तसे एकेक अक्षर थोरल्या महाराजांच्या आवाजात गरजू लागले, "खबरदार!" प्रजेने कानांवर हात ठेवले. राणी घाव घालतच राहिली, आणि शेवटी दगड मुका झाला.

राहिले तिसरे काम. राणीने दंड नदीत भिरकावला आणि ती काठावर गप्प उभी राहिली. वर डोंगरात पाऊस कोसळत होता. पाणी चढले. कुंभारांची चाके वाहून गेली, मडकी भाजायचे आवे विझले, बायका पोरांना घेऊन छपरांवर चढल्या. अवघे गाव हातात दगड धरून राणीच्या तोंडाकडे बघत होते. हुकूम तिच्या ओठांवर आला. तिने ओठ चावला, रक्त निघाले. पहिले घर कोसळले. तरी ती बोलली नाही. बोलण्यापेक्षा गप्प राहणे इतके जड असते, हे तिला आजवर ठाऊक नव्हते.

इतक्यात प्रधान विरूपाक्ष पुढे आला. जन्मात कधी ज्याचा आवाज चढला नव्हता, तो माणूस किंचाळला, "चुकलात! महाराणी, पहिल्यापासून चुकलात! जमीन कसली वाचवता? आधी माणसे काढा! नावा तिकडे वाळूत कुजताहेत, त्या इकडे आणा! मला हे कळत होते, आणि मी मेला 'जशी आज्ञा' करीत बसलो!"

साऱ्यांच्या हातांतले दगड धडाधड खाली पडले. कुणी कुणाला विचारले नाही. नावाडी घाटाकडे धावले, लोकांनी नावा खांद्यांवर घेतल्या, राणीनेही खांदा दिला. घरे गेली. माणूस मात्र एकही गेले नाही.

त्या दिवसापासून नावा नव्या पात्रात, खऱ्या पाण्यावर चालू लागल्या. पूर ओसरल्यावर दरबार भरला. राणी म्हणाली, "कुंभारवाडा टेकडीच्या पायथ्याशी वसवा."

"नाही," भागाई कुंभारीण म्हणाली.

भर दरबारात नकार! राणीची कानशिले तापली, मुठी वळल्या. तिला राग आला, फार राग आला. तो तिने गिळला, सिंहासनावरून उतरून ती भागाईसमोर येऊन बसली आणि त्या दरबारात आजवर कुणाही राजाने न विचारलेला प्रश्न तिने विचारला.

"का?"