दोन यंत्रांतलं खरं कोणतं?

“माझं एकही यंत्र क्षणभर बंद पडता कामा नये, आणि बंद पडलेलं यंत्र परत उठतं हे मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे!” विराजसेन महाराजांनी फर्मावलं. “उद्या सूर्यास्ताच्या आत बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडा. नाहीतर धोंडोजी, किल्ल्या ठेवा आणि राज्याबाहेर चालू पडा!”

धोंडोजी यंत्रशाळेचे राखणदार. तिथे एका थोरल्या यंत्राच्या पोटात पुष्कळ आभासी यंत्रं नांदत. एक करवसुली बघे, एक धान्यकोठार, एक हत्तींच्या आंघोळीच्या पाळ्या लावी. शेजारच्या राजाचं असंच यंत्र बंद पडलं. बॅकअप होता, पण त्यातून काहीच परत येईना! तेव्हापासून महाराजांची झोप उडाली होती.

“जे यंत्र बंदच पडलं नाही, ते परत उठताना कसं दाखवायचं?” प्रधानजी म्हणाले. “सासरी न गेलेली लेक माहेरपणाला येते का कधी?” हे ते अर्थातच मनातल्या मनात म्हणाले.

धोंडोजींची लेक तुळसा पुढे झाली. “मी निवडते, महाराज. पण निकाल तुम्हीच द्यायचा.”

दुसऱ्या दिवशी तीन विक्रेते आले. तुळसाने प्रत्येकाला हत्तींच्या यंत्राचा बॅकअप घ्यायला लावला आणि त्यातून शेजारीच दुसरं यंत्र उभं करायला सांगितलं. मूळ यंत्राला धक्का नाही, त्याचं काम चालूच. मग नोकरांकडून नावं झाकून, अदलाबदल करून दोन्ही यंत्रांचे पडदे महाराजांपुढे मांडले.

“यातलं खरं कोणतं ते ओळखा, महाराज. ओळखलंत, तर सॉफ्टवेअर बाद!”

महाराजांनी पहिल्या विक्रेत्याच्या यंत्रांना विचारलं, “आज आंघोळ कुणाची?”

एक पडदा म्हणाला, गजलक्ष्मीची. दुसरा म्हणाला, रणधीराची.

“रणधीर? तो तर गेल्या वर्षीच वारला!”

“आमचं सॉफ्टवेअर कुणालाच मरू देत नाही, महाराज,” विक्रेता नम्रपणे म्हणाला.

बाद!

दुसऱ्याच्या एका पडद्यावर नुसतंच चक्र फिरत होतं. “उठतंय, महाराज,” विक्रेता म्हणाला. महाराज जेवले, विडा खाल्ला, वामकुक्षी घेऊन आले. चक्र फिरतच होतं.

तोही बाद!

तिसऱ्याचे दोन्ही पडदे सारखंच बोलू लागले. हत्ती तेच, माहूत तेच, गजलक्ष्मीने सकाळी चोरून खाल्लेला गूळसुद्धा तेवढाच! महाराज एकदा या पडद्याला, एकदा त्या पडद्याला नाक लावून बघू लागले. तिकडे सूर्य कलला. धोंडोजींनी कमरेच्या किल्ल्या सोडून हातात घेतल्या.

“डावीकडचं खरं!” महाराज म्हणाले.

“नक्की, महाराज?” तुळसाने विचारलं.

“नाही, उजवीकडचं! छे, हरलो बुवा. तूच सांग, तुळसा, खरं कोणतं?”

“मला ठाऊक नाही.”

“ठाऊक नाही? मग बापाला हाकलू का?”

“मला ठाऊक असतं, महाराज, तर हेही सॉफ्टवेअर बाद झालं असतं!”

महाराज असे हसले की यंत्रशाळेचे पंखे ऐकू येईनात. किल्ल्या धोंडोजींकडेच राहिल्या. तुळसाला गजलक्ष्मी बक्षीस मिळाली, आणि बापलेकीच्या दोन खोल्यांच्या घरापुढे हत्ती झुलू लागला.