सगुणेने घेतलेले नाव

एका राज्यात माणसांपेक्षा पोपटांचा आवाज मोठा होता. सिंहासनावर राजा प्रचंडसेन, त्याच्या कानाशी मांत्रिक काळकेतू, आणि घरोघरी आढ्यावर मांत्रिकाने मंतरलेला एकेक पोपट. पहाट झाली की पोपट म्हणत, "पाऊस महाराजांनी पाडला, धान्य महाराजांनी पिकवले." ऐकून ऐकून लोकांना ते पटले. राजालाही पटले. आपण पाऊस कधी पाडला हे त्याला आठवत नसे, पण एवढे पोपट खोटे कशाला बोलतील?

राजावाचून दुसऱ्या कोणाचे उपकार मानणे हा गुन्हा होता. ज्याचे मानले, त्याचा आवाज काळकेतूच्या तांब्याच्या कुपीत जाई आणि त्याचे नाव सगळ्यांच्या ओठांवरून पुसले जाई. नाव गेले की हळूहळू माणूसही विसरला जाई.

सगुणेचा नवरा विहिरी खणत असे. वेशीबाहेरच्या खडकात त्याला पाणी लागले. पहिली घागर घरी आणून सगुणा बोलून गेली, "आमच्या धन्याच्या हातांनी गावाची तहान भागली."

पोपटाने चहाडी केली. दिवस मावळायच्या आत नवरा मुका झाला. विहिरीवर पाटी लागली, 'महाराजांची विहीर'. शेजारी त्याला विचारू लागले, "कोण हो तुम्ही?" सगुणेलाही नाव आठवेना. लग्नानंतर तिने ते कधी घेतलेच नव्हते. नवऱ्याचे नाव घ्यायची रीत नव्हती. आता चेहराही विसरणार, या धास्तीने ती रडत बसली.

पोपट आढ्यावरून खाली उतरला. "बाई, मी मंत्राने बांधलेला. पण काळकेतूने मला कधी दाणा घातला नाही. तुझी डाळ खाल्ली, त्या अन्नाला जागतो. राजाच्या ताटात भात, मीठ आणि पाणी वाढ. ज्यांचे कष्ट, त्यांची नावे उपकार मानून राजासमोर घे. तिन्ही नावे घेतलीस तर कुपी फुटेल. एक चुकले तर तुझाही आवाज जाईल."

सगुणा शेतकऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "माझे नाव घेतलेस तर माझा आवाज जाईल."

"जाईल."

त्याने कणगीत हात घातला. मग ओंजळभर तांदूळ देत म्हणाला, "घे. रायबा म्हणतात मला."

मिठागरावरची ठकूबाई म्हणाली, "माझं मीठ सगळ्यांनी खाल्लं, नाव कोणी विचारलं नाही. खुशाल घे, पोरी."

नवऱ्याच्या विहिरीचे पाणी सगुणेने स्वतः शेंदले. राजवाड्याच्या दारात तिच्या खांद्यावरचा पोपट ओरडला, "महाराजांनी बोलावले." पोपटाचे बोलणे पडताळायची सवय पहारेकऱ्यांना कुठली? त्यांनी वाट सोडली. तांदूळ रांधून तिने ताट वाढले.

राजाने रिवाजाप्रमाणे पोपटांना विचारले, "हे कोणी दिले?"

पोपटांच्या आधी सगुणा बोलली. "भात रायबाने दिला, महाराज. मीठ ठकूबाईने. त्यांचे फार उपकार आहेत."

"आणि पाणी?" काळकेतू हसला.

सगुणेला नवऱ्याच्या तळहातांवरचे घट्टे आठवले. नाव आठवेना. मांत्रिकाने कुपी पुढे केली. भीतीने तिने डोळे मिटले, तशी तिला लग्नाची पंगत आठवली. हातातला घास अडवून करवल्या म्हणत होत्या, "नाव घे, नाव घे." काळकेतूने राज्यातली सगळी नावे धुंडाळली होती, बायकांच्या उखाण्यांकडे मात्र त्याने कधी कान दिला नव्हता.

ती म्हणाली, "काळ्या खडकाच्या पोटी गोड पाण्याची ठेव," आणि यमक आपसूक धावत आले, "जन्माचे सोबती माझे सहदेव. पाणी त्यांचे, महाराज. त्यांचे फार उपकार आहेत."

कुपी तडकली. कोंडलेले आवाज ज्याच्या त्याच्या गळ्यात परतले. पोपट रानात उडाले. काळकेतूच्या तोंडून त्यानंतर पोपटासारखी शीळ तेवढी निघाली.

राजा ताटावरून उठला. "मी पाऊस कधीच पाडला नाही," तो भर सभेत म्हणाला, आणि त्याला हलके वाटले. त्याने रायबाला नि ठकूबाईला बोलावून शेजारी पाट मांडले, आणि विहिरीवरची पाटी उतरवली.

सगुणा घरी आली. अंगणात आयाबाया जमल्या होत्या. नवरा दारात उभा होता.

"सगुणे, आलीस?" तो म्हणाला.

"आले, सहदेव," ती सगळ्यांदेखत म्हणाली. बायकांनी तोंडाला पदर लावले. सगुणा लाजली नाही.