बेच्चेचं घर उठून चाललं

डोळे मिटले का? नाही ना? मग ऐका. पण मध्येच एकमेकांना पाय मारायचे नाहीत.

समुद्रापल्याड सुलावेसी नावाचं एक मोठं बेट आहे. तो मुलूख आता इंडोनेशियात मोडतो. आपल्याकडे झुंजूमुंजू होत असतं, तेव्हा तिथं सूर्य चांगला वर आलेला असतो. त्या बेटावर एका तळ्याकाठी सालोतेंगा नावाचं गाव होतं. एवढंसं गाव. कुणाला नाव ठाऊक नाही, कुणी वाट वाकडी करून तिथं जात नाही. घरं सगळी लाकडाची, उंच खांबांवर उभी. शिडीनं वर चढायचं, खाली शेळ्या बांधायच्या.

आणि गंमत अशी बरं का, त्या गावात कुणाला दुसऱ्या जागी राहायला जायचं असलं, की तो सामान बांधत बसत नसे. घरच घेऊन जायचा! मग अख्खा गाव जमायचा. घराला आडवे बांबू बांधायचे, सगळ्यांनी खांदा लावायचा आणि हेइसा, हेइसा करत निघायचं. आत फळीवरचं भांडंसुद्धा हलू द्यायचं नाही. मग ज्याचं घर त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. त्या गावची रीतच होती. जमीन राजाची, पण घर ज्याचं त्याचं.

घराच्या मधोमध एक खांब असे. त्याला म्हणायचे घराची बेंबी. हसू नका! तुम्हाला आहे, तशी घराला. घर हलवायच्या आधी त्या खांबाला केळ्यांचा घड बांधायचा आणि त्याच्या कानात सांगायचं की बाबा, आता आपण अमक्या जागी निघालो. आता बेंबीला कान कुठून आले ते मला विचारू नका. विसरून कुणी सांगितलं नाही, की घर रुसायचं आणि शंभर माणसांना हलायचं नाही.

त्या गावात बेच्चे नावाची एक बाई राहायची. तिचं घर तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं उभं केलेलं. मग नवरा वारला, लेकी लग्न होऊन लांब गेल्या. राहिली बेच्चे आणि राहिलं घर. ती रोज भाताचा पहिला घास त्या मधल्या खांबाशी ठेवायची, मग आपण जेवायची. तिचा सगळा जीव त्या घरात होता.

एकदा काय झालं, राजा गावाबाहेरच्या आपल्या लाकडी वाड्यातून होडीत बसून वारा खायला आला. त्याला बेच्चेचं घर दिसलं. झालं! आवडलं म्हणजे हवंच, असा तो राजा. त्यानं माणूस पाठवला. माणसाच्या हातात रेशमी लुगडी. म्हणाला, लुगडी घे, घर दे.

बेच्चे म्हणाली, "लुगडं नेसून मी राहू कुठं?"

मग राजानं शिपाई पाठवले. ते म्हणाले, जमीन राजाची, तेव्हा जमिनीवरचं सगळं राजाचं.

बेच्चे म्हणाली, "माझी सावलीही याच जमिनीवर पडते. तीही उचलून न्या बरं!"

मग राजा स्वतः आला. नाक लाल, कान लाल. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर ते खाली मान घालून म्हणाले, "महाराज, घर मालकाचंच. रीत आहे." राजा हसला. वाईट हसला.

"बरं," तो म्हणाला. "रीत ती रीत. उद्या सूर्य बुडायच्या आत घर घेऊन जा. तोवर नाही हललं, तर ते माझं. आणि तुझ्या घराला जो खांदा लावील, त्याचंही घर माझं!"

दुसरा दिवस उजाडला. बेच्चेनं एकटीनं बांबू बांधले. केळ्यांचा घड बांधला. खांबाच्या कानात सांगितलं, "तळ्याला वळसा घालून डोंगरामागं जायचंय. तिथं या राजाचं काही चालत नाही." मग ती अंगणात येऊन उभी राहिली. कुणी आलं नाही. सगळ्या घरांची दारं बंद. रागावू नका हं त्यांच्यावर. पोराबाळांची माणसं ती, भ्यायली होती.

राजा छत्रीखाली खुर्ची टाकून मजा बघत बसला.

बेच्चेनं खांदा लावला. घर हललं नाही. पुन्हा लावला. खांदा सोलून निघाला, पण घर हललं नाही. राजा म्हणाला, "बाई, दमलीस तर पाणी पी. पाणीही माझ्याच तळ्यातलं आहे!"

मग मात्र बेच्चे भडकली. राजावर नाही, घरावर! तिसऱ्यांदा खांदा लावला आणि ओरडली, "अगं, इतकी वर्षं तुला झाडलंपुसलं ते काय या माणसासाठी? त्याची व्हायचं असेल तर तसं सांग. नाहीतर ऊठ!"

कर्र! एक खांब उचलला गेला. कर्र, दुसरा. नुकतं जन्मलेलं वासरू कसं लटपटत उभं राहतं, तसं घर उठलं आणि जमिनीपासून वीतभर वर उभं राहिलं. आतून घोगरा आवाज आला, "बेच्चे, उठले गं मी. पण मला एकटीला चालता येत नाही. मला खांद्यांची सवय."

राजाचं हसू तिथंच थांबलं.

मग शेजारचं एक दार उघडलं. लाबेद्दू नावाचा शेजारी शिडी उतरून आला. सात लेकरांचा बाप, गावात सगळ्यात भित्रा. तरी आला. म्हणाला, "बेच्चेताई, माझं घर आणलं तेव्हा पहिला खांदा तुझ्या नवऱ्याचा होता." आणि त्यानं बांबूखाली खांदा घातला.

मग दुसरं दार उघडलं. मग तिसरं. मग किती उघडली कोण मोजतंय!

राजा खुर्चीवर चढून ओरडला, "सगळ्यांची घरं माझी! ऐकलंत का? सगळी माझी!"

ऐकलं. पण कुणी ऐकलं? घरांनी! सगळ्या गावातून कर्र, कर्र, कर्र असा आवाज उठला, आणि एकूण एक घर जमिनीपासून वीतभर वर उठलं. त्यांनाही तो राजा नको होता. शिपायांची घरं त्याच गावात होती. त्यांनी भाले टाकले आणि आपापल्या घराकडे धूम ठोकली. घरं इतकी हलकी झाली होती, की चार माणसं एक घर सहज नेत होती. सूर्य बुडायच्या आत सगळा गाव तळ्याला वळसा घालून डोंगरामागं गेला. शेळ्या मागून ओरडत गेल्या.

राजाकडे काय उरलं? जमीन. सगळी त्याची. तो रोज उठून सांगायचा, ही जमीन माझी. कुणी नाही म्हणत नव्हतं. नाही म्हणायला माणूसच नव्हतं! चूल त्यानंच पेटवायची, पाणी त्यानंच भरायचं, आणि करपलेला भात त्यानंच खायचा. शेवटी फार एकटं वाटलं तेव्हा तो डोंगर चढून बेच्चेच्या शिडीशी आला. म्हणाला, "माझाही वाडा इथं आणून देता का?"

बेच्चे म्हणाली, "आणू की. पण पुढच्या बांबूला तुम्ही लागायचं."

आणि लावलाच की हो राजानं खांदा! फोड आले, रडला, पण सोडला नाही. वाडा सगळ्यांच्या घरांशेजारी टेकवला. राजानं घाम पुसला आणि सवयीनं विचारलं, "इथली जमीन कुणाची?"

बेच्चेनं घराखाली बोट दाखवलं. तिथं कोंबड्या माती उकरत होत्या.

"त्यांची," ती म्हणाली. "चला वर, भात निवतोय."

राजा वर गेला, सगळ्यांबरोबर पोटभर जेवला. पुढं सगळे सुखानं राहिले, कोंबड्यासुद्धा. आता एकही आवाज नको. पांघरूण ओढा आणि झोपा बघू.