बयनाचा उंबरा

फार वर्षांपूर्वी, काळमोडीला साधा गाडीरस्ताही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात बेचाळीस घरं, सगळी काळ्या दगडाची. त्यातलं वेशीजवळचं घर सटवाजी पाथरवटाचं. घरात तो आणि त्याची बायको बयना, दोघंच.

एका साली प्लेग आला. उंदीर पडू लागले तसं सगळं गाव घरांना कुलपं लावून माळावरच्या झोपड्यांत जाऊन राहिलं. त्यातच पावसानं जोर धरला आणि रिकाम्या घरांच्या भिंती फुगून ढासळू लागल्या. काळमोडीत समजूत अशी, की ज्याची भिंत पडली तो घरी परतत नाही. माळावर माणसं तापानं फणफणत होती आणि पडल्या जागेवरून विचारत होती, "आमची भिंत हाय का?"

सटवाजी रोज गावात जाऊन पडलेलं पुन्हा रचायचा. पण फुटलेला दगड भिंतीला चालत नाही, आणि खाणीत पाणी भरलेलं. शेवटी तो बयनाजवळ येऊन बसला. तिलाही ताप चढला होता.

"आपल्या घराचा दगड काढू का?"

बयना म्हणाली, "काढा. उंबरा तेवढा ऱ्हाऊ द्या, धनी. मला परत यायला."

असं म्हणतात, त्या दिवसापासून त्याला दगड जड लागेना. चौघांनी उचलायचा चिरा तो एकटा खांद्यावर न्यायचा. असं म्हणतात, त्याचा हात लागला की भिजली भिंत कोरडी व्हायची. एकेचाळीस घरं उभी राहिली, आणि एकेचाळीस घरांतलं एकही माणूस दगावलं नाही.

बयना माळावरच गेली. तिला अग्नी देऊन सटवाजी उंबऱ्यावर येऊन बसला, आणि त्यानंतर कुणाला दिसला नाही. गाव तेव्हा आपापल्या चुली पेटवण्यात गुंतलं होतं. मला त्या गावाचा आजही राग येतो, आणि मी त्याच गावचा आहे.

हल्ली वेशीत सरकारी पाटी आहे, की ही जुनी घरं पाडू नयेत. आम्हाला ती लागत नव्हती. इथं कुणी भिंत पडू देत नाही आणि त्या उंबऱ्यामागं कुणी घर बांधत नाही. गाव सोडून निघालेला माणूस उंबऱ्यावर तांब्याभर पाणी घालतो आणि म्हणतो, "बयनाआई, येतो."

गेल्या वर्षी आणखी सात घरांना कुलूप लागलं. भिंती एकूण एक उभ्या आहेत. माणसं अजून परतलेली नाहीत.