अरेरे म्हणणारा दरबार

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की ती सांगणाऱ्याच्या पणजोबांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती.

एका राज्यात लोकांची गाऱ्हाणी राजापुढे मांडणारा एक वक्ता होता. कुणाची शेळी हरवली तरी तो छाती बडवून असा काही "अरेरे!" म्हणे, की दगडालाही पाझर फुटावा. दरबाराला त्याची गोडीच लागली. मग रीत पडून गेली. त्याने "अरेरे" म्हणायचं, सगळ्या दरबाराने त्याच सुरात "अरेरे" म्हणून उपरणी डोळ्यांना लावायची, आणि राजाने डोळे मिटून मान डोलवायची. गाऱ्हाण्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नसे. वक्तासुद्धा नाही. वाहवा मिळाली की त्याचं पोट भरायचं.

एका दुपारी तळ्याखालच्या वाडीतून एक कुणबी धापा टाकत त्याच्याकडे आला. तळ्याच्या बांधाला भोक पडलं होतं आणि वाडीची माणसं माती टाकून टाकून थकली होती. वक्त्याची एकुलती एक लेक त्याच वाडीत दिलेली होती. नुकतीच बाळंत झालेली.

तो तसाच दरबारात धावला. या वेळी रडू खरं होतं. "अरेरे! घात झाला हो, महाराज!" तो ओरडला.

दरबारानेही सुरात "अरेरे" म्हटलं. तो हाय हाय करू लागला, दरबारही करू लागला. आज वक्तेबुवांना चांगलाच रंग चढलाय, असं एक सरदार शेजाऱ्याला म्हणाला.

आपणच लावलेली सवय आपल्याच मुळावर आली, हे वक्त्याला कळून चुकलं. डोळे पुसून तो खाली बसला आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलला.

"महाराज, तळ्याचा बांध फुटतोय. सकाळी भोकात मूठ जात होती, आता डोकं जाईल. खाली चाळीस घरं आहेत. एका घरात माझी लेक आहे, सहा दिवसांचं बाळ घेऊन. मला दोनशे माणसं आणि फावडी हवी आहेत, आत्ता."

दरबाराची उपरणी या वेळी खांद्यावरच राहिली. राजाने डोळे उघडले आणि विचारलं, "वेळ किती आहे?"

दिवस मावळायच्या आत दोनशे माणसांनी बांधाचं भोक बुजवलं. लेकीच्या ओसरीवर बसून वक्त्याने नातवाला मांडीवर घेतलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. पुढे तो प्रत्येक गाऱ्हाणं असंच मोजक्या वाक्यांत मांडू लागला. दरबाराची करमणूक गेली, पण लोकांची कामं होऊ लागली.

तात्पर्य: हळहळ ऐकणाऱ्यावर सोडावी, सांगणाऱ्याने काय घडलं आणि काय हवं, तेवढं सांगावं.